बालविभाग आणि अभ्यासिका यांच्या मधली मुलं

बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग गजबजलेला असतो, अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही आणि या दोन्हींच्या मधल्या वयाची मुलं फारशी दिसत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बालविभागातल्या ठेंगण्या खुर्च्या नकोशा होतात. मोठ्यांच्या विभागात गेलं तर तिथले नेहमीचे वाचक मान वर करून बघतात. मग ते येणंच सोडतं. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी परत आलंच, तर स्वतःची गाइडं घेऊन येतं आणि कपाटांकडे पाठ करून बसतं.

ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इफ्ला' साधारण 12 ते 18 हा वयोगट वेगळा धरून त्याच्यासाठी स्वतंत्र सेवा असावी असं सांगते. कागदावर हे ठीक आहे, पण बारा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा एका टेबलाशी बसून एकच खेळ आनंदाने खेळतील ही अपेक्षा चुकीची आहे. लहान तिथे गप्प होतात आणि मोठे कंटाळतात. 12 ते 14 आणि 15 ते 18 असे दोन गट करावेत. मुलंच कमी असतील तर मोठ्यांना सहभागी न करता संयोजक करावं. सतरा वर्षांच्या मुलाला घड्याळ लावायला, गुण मोजायला, कुलपांचे आकडे बदलायला दिले की तो आपणहून येतो.

या मुलांसाठी काही ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. यातलं काय मुलांनी ठरवलं आहे? आणि कार्यक्रम संपेल त्या क्षणी त्यांच्या हाताच्या अंतरावर कोणतं पुस्तक असेल? पहिल्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल तर पुढच्या वेळी मुलं येत नाहीत. दुसऱ्याचं तसं असेल तर मुलं येतात, मजा करतात आणि रिकाम्या हाती जातात. मग ग्रंथालय हे नुसतं फुकटचं सभागृह ठरतं.

पाच मिनिटं, एक पुस्तक

कमी खर्चात सगळ्यात जास्त देणारा खेळ म्हणजे बिब्लिओबॅटल. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात 2007 मध्ये तो सुरू झाला आणि पुढे तिथल्या शाळा-ग्रंथालयांत पसरला. नियम चारच आहेत. प्रत्येकाने स्वतः वाचलेलं, आवडलेलं पुस्तक आणायचं. पाच मिनिटांत त्याबद्दल बोलायचं. प्रत्येक बोलण्यानंतर सगळ्यांनी मिळून दोन-तीन मिनिटं प्रश्न विचारायचे. शेवटी मतदान, आणि मत द्यायचं ते 'यातलं कोणतं पुस्तक तुला सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतं?' या प्रश्नावर. जिंकतं ते पुस्तक. बोलणारा जिंकत नाही.

या शेवटच्या नियमात सगळी गंमत आहे आणि नेमका तोच मोडला जातो. मतपत्रिकेवर मुलांची नावं छापली की मैत्रीखात्यात मतं पडतात. म्हणून चिठ्ठीवर फक्त पुस्तकाचं नाव असावं, वर तो प्रश्न जसाच्या तसा लिहावा आणि मतदान गुप्त ठेवावं. बोलणाऱ्यांनीही मत द्यायचं, मात्र स्वतःच्या पुस्तकाला नाही. वक्तृत्वाचे गुण, परीक्षक, उत्तेजनार्थ बक्षीस यांतलं काहीही आणू नये. परीक्षक बसवला की मुलं त्याच्याकडे बघून बोलायला लागतात आणि पुस्तक बाजूला पडतं.

बोलताना हातात लिहिलेला कागद नको. कागद असला की मुलं मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दाखवतात. पाच मिनिटं पूर्ण वापरायची, आधी संपलं तरी उभं राहायचं. तिसऱ्या मिनिटाला तयार केलेलं संपतं, थोडा वेळ अवघड शांतता पसरते आणि मग मूल खरं बोलायला लागतं: 'मला मधला भाग आवडला नाही, पण...' ऐकणारे तिथे सावरून बसतात. अगदीच बुजऱ्या मुलांसाठी तीन मिनिटांचा छोटा प्रकार आहे, पहिल्या वेळी तोच घ्यावा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एका मुलाला बोलणं आणि प्रश्न मिळून आठ मिनिटं, म्हणजे पाच जणांना चाळीस. सुरुवात आणि मतदान धरून तासाभरात आटोपतं. सहाच्या वर वक्ते घेऊ नयेत. ऐकणाऱ्यांना पहिलं पुस्तक आठवेनासं होतं आणि मतं शेवटच्या दोघांकडे झुकतात. नावं जास्त आली तर दोन खोल्यांत दोन गट करावेत. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं समोर ठेवावं, नाहीतर बोलणारा सारखा संयोजकाकडे बघत राहतो. शेवट फोडायचा नाही हेही सुरुवातीलाच सांगून टाकावं.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हाताच्या अंतरावरच्या पुस्तकाकडे. मतदान झालं की जिंकलेलं पुस्तक आठ-दहा जणांना तिथल्या तिथे हवं असतं आणि प्रत एकच असते. म्हणून वक्त्यांकडून पुस्तकांची नावं आठवडाभर आधी घ्यावीत, ग्रंथालयात असतील त्यांच्या सगळ्या प्रती बाजूला काढाव्यात आणि प्रत्येक पुस्तकाची मागणीयादी टेबलावर ठेवावी. हरलेल्या पुस्तकांचीही. पुष्कळदा जिंकलेल्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाचं पुस्तक आधी जातं, कारण ते लगेच मिळतं. एखादं मूल घरचं पुस्तक घेऊन आलं आणि ते ग्रंथालयात नसलं, तर ते खरेदीच्या यादीत घालावं आणि घातलं आहे हे त्या मुलाला सांगावं.

कुलूप आणि वर्गांक

कोडी सोडवत बंद पेटी उघडण्याचा खेळ, म्हणजे एस्केप रूम, मुलांना हमखास आवडतो. पण ग्रंथालयात तो करायचा तर पुस्तकांच्या मांडणीवरच रचावा. नाहीतर तो कुठल्याही हॉलमध्ये होऊ शकतो.

ग्रंथालय ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, वापरत असेल तर कोड्यांचं सामान आयतंच आहे. तीन आकड्यांचं कुलूप आणि तीन आकड्यांचा वर्गांक. खगोलशास्त्र 520, खेळ 796, लोककथा 398.2, चित्रकथा 741.5. 'जिच्यावर राहतो ती सोडून आकाशातली बाकी भावंडं शोधा' अशी चिठ्ठी दिली की मुलं ग्रहांच्या पुस्तकांपर्यंत जातात, पुस्तकाच्या कण्यावरचा 523.4 वाचतात आणि 523 लावून कुलूप उघडतात. पुढची चिठ्ठी पेटीत. अशी चार कुलपं झाली की वर्गीकरणावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

साहित्य फार लागत नाही: आकडे बदलता येणारी तीन-चार कुलपं, कडी असलेल्या दोन पेट्या, एक पाऊच, रंगीत टिकल्या, घड्याळ. एका गटात चार किंवा पाच जण. सहावा नुसता उभा राहतो आणि सातवा मोबाइल काढतो. वेळ तीस मिनिटं. दोन गटांच्या मध्ये सगळं पूर्ववत करायला दहा मिनिटं धरावीत आणि कोणती चिठ्ठी कुठे, कोणत्या कुलपाचा आकडा काय, याचा एक कागद संयोजकाकडे असावा. घाईत उघडं कुलूप बंद करताना आकडा नकळत बदलतो आणि पुढचा गट बरोबर उत्तर लावूनही अडकून बसतो. प्रत्येक कुलूप बंद केल्यावर एकदा त्याच आकड्याने उघडून बघावं, मग पुन्हा लावावं.

बाकीच्या चुकाही ठरलेल्या आहेत. ज्या पुस्तकावर कोडं बेतलं आहे तेच कुणीतरी घरी नेलेलं असतं. म्हणून कोडं एका पुस्तकावर न बेतता वर्गांकावर बेतावं. एखादं ठरावीक पुस्तकच हवं असेल तर ते आदल्या दिवशी खेळाच्या नावावर देऊन टाकावं, म्हणजे नोंदीत ते बाहेर दिसतं. तीन आकड्यांच्या कुलपात 000 ते 999 अशा हजारच शक्यता असतात, त्यामुळे एखादा चिकाटीचा मुलगा कोपऱ्यात बसून एकेक आकडा फिरवत सुटतो. अंदाजाने कुलूप फिरवताना दिसलं तर दोन मिनिटांचा दंड हा नियम आधीच सांगावा. तिसरी गोष्ट कपाटांची. 'काहीतरी लपवलं आहे' एवढं म्हटलं की मुलं फळ्या रिकाम्या करतात. ज्या कपाटांत शोधायचं आहे त्यांनाच रंगीत टिकली लावावी आणि पुस्तकांच्या मागे किंवा आत काहीही लपवलेलं नाही, पुस्तक उपसायची गरज नाही, असं स्पष्ट सांगावं.

गट अडकला की संयोजकाचा जीव वरखाली होतो आणि तो उत्तरच सांगून टाकतो. त्याऐवजी प्रत्येक गटाला सुरुवातीलाच सूचनेच्या तीन चिठ्ठ्या द्याव्यात. हवी तेव्हा एक वापरायची. कधी मदत घ्यायची हा निर्णय गटाचा, आणि त्यावरून होणारं त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं.

शेवटच्या पेटीत चॉकलेट ठेवण्याऐवजी 'पुढच्या आठवड्यात एक पुस्तक जास्त नेता येईल' असं कूपन ठेवून बघा. चॉकलेटही ठेवा हवं तर.

एका कागदाचं मासिक

लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मुलांसाठी झीन, म्हणजे स्वतः घडवलेलं छोटं मासिक. ए-4 कागद, एक काप, आठ पानं, ना स्टेपल ना गोंद. मुलांना शिकवायला पाच मिनिटं लागतात, पण पानांचा क्रम चुकला तर सगळं उलटं होतं, म्हणून नीट सांगतो.

कागद आडवा धरून लांबीच्या दिशेने अर्धा दुमडा, घडी नखाने दाबा, उघडा. मग रुंदीत अर्धा करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून दाबा, उघडा. आठ चौकोन दिसतील, वर चार आणि खाली चार. आता कागद रुंदीत अर्धा दुमडून बंद बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर एकच चौकोन कापा, थांबा. उघडल्यावर कागदाच्या मधोमध दोन चौकोनांएवढी फट असेल, कडा मात्र कुठेही कापलेली नसेल. कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला, फट उघडून अधिकचं चिन्ह होईल. मग पानं एका बाजूला वळवून पुस्तिका करा.

क्रम असा: कागद सपाट पसरल्यावर खालच्या रांगेत डावीकडून 6, 7, 8, 1. वरच्या रांगेत डावीकडून 5, 4, 3, 2, आणि ही रांग पूर्ण उलटी, म्हणजे कागद फिरवून लिहायची. 1 हे मुखपृष्ठ, 8 हे मलपृष्ठ. मुलं हमखास वरची रांग सुलटी लिहितात. म्हणून आधी कोरी पुस्तिका घडवून तिच्यावर पेन्सिलीने पानांचे आकडे घालायला सांगावं आणि मग उघडून लिहायला बसवावं.

छायाप्रती काढायच्या असतात, त्यामुळे मजकूर काळ्या पेनाने लिहिलेला हवा. पेन्सिल आणि फिकट निळी शाई प्रतीत पुसट येते. बहुतेक यंत्रं कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारही बाजूंना पाच-सात मिलिमीटर मोकळे सोडावेत. घड्यांच्या अगदी जवळही लिहू नये. प्रत एका बाजूनेच निघते, मागची बाजू कोरी राहते. तिथे मोठं चित्र किंवा पोस्टर छापलं की घडी उघडणाऱ्याला ते सापडतं. प्रत्येक झीनच्या दहा प्रती काढून पाच मुलाला द्याव्यात आणि पाच फळीवर उघड्यावर ठेवाव्यात. त्यांना दाखल क्रमांक, शिक्का, नोंद असं काही नको. गेल्या तर गेल्या. नाव घालायचं की टोपणनाव हे मुलाने ठरवायचं, आणि मजकूर 'तपासून' देण्याचा मोह ग्रंथपालाने आवरावा. कुणाची बदनामी किंवा कुणाचा फोन नंबर नाही ना एवढं बघितलं की पुरे. शुद्धलेखन आपलं आपण सुधारतं, छापील चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तर फारच लवकर.

बाकीचं थोडक्यात

कागदात गुंडाळलेलं पुस्तक न बघता नेण्याचा प्रकार सगळीकडे चालतो आणि एकाच ठिकाणी फसतो, तो म्हणजे देवघेवीच्या टेबलावर. बारकोड किंवा दाखल क्रमांक आत राहतो आणि नोंद करायला कागद फाडावा लागतो. क्रमांक बाहेर लिहून ठेवावा. चिकटपट्टी कागदालाच लावावी, पुस्तकाला नाही. वर तीन धागे लिहावेत: सुरुवात कशी आहे, वेग किती आहे, कुणाला आवडणार नाही. तिसऱ्यावर मुलं सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं खपवायची ही संधी नव्हे. एकदा फसलेलं मूल दुसऱ्यांदा हात लावत नाही.

नुसतं एकत्र बसून वाचणं हाही कार्यक्रम होऊ शकतो. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला सायलेंट बुक क्लब नेमका एवढंच करतो: प्रत्येकाने आपलं पुस्तक आणायचं, तासभर गप्प वाचायचं, मग वाटलं तर बोलायचं. ठरवून दिलेलं पुस्तक नाही, गृहपाठ नाही. या वयाला तास लांब होतो, तीस मिनिटं बरी. मोबाइल जमा करू नयेत, ऑडिओबुक ऐकणाऱ्याला तो लागतो. ऐकणं हे वाचणंच आहे यावर मी वाद घालायला तयार आहे. चित्रकथा आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांबद्दलही तेच. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा त्याचं मुखपृष्ठ आपल्या हिशेबाने मागच्या बाजूला येतं. फळीवर दर्शनी ठेवताना हे लक्षात ठेवावं. आणि कुठल्याही मालिकेचा पहिला भाग दोन प्रतींत घ्यावा. पहिला हरवला की पुढचे अकरा भाग कुणी उचलत नाही, आणि हरवतो तो नेहमी पहिलाच.

मुलांची समिती

ही मात्र सावकाश करायची गोष्ट आहे. आठ ते बारा मुलं, सहा महिन्यांची मुदत, महिन्यातून एकदा तासभर बैठक. शाळेने पाठवलेली हुशार मुलंच घेतली तर समिती शाळेसारखीच बोलते. निम्म्या जागा जे ग्रंथालयात फारसे येत नाहीत त्यांच्यासाठी ठेवाव्यात, त्यांना मित्र घेऊन यायला सांगावं. पहिल्याच बैठकीत 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं तर खांदे उडवले जातात. त्याऐवजी हातात काहीतरी द्यावं: खरेदीसाठी आलेल्या वीस पुस्तकांपैकी दहा निवडा, ही फळी रिकामी करून पुन्हा लावा, हे पोस्टर का वाईट आहे ते सांगा.

समितीला खरेदीची ठरलेली रक्कम द्यावी, छोटी का होईना, आणि तिने निवडलेलं पुस्तक तीन-चार आठवड्यांत फळीवर दिसावं. विचारलं आणि मग काहीच झालं नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणावं: छापून संपलं आहे, किंमत बसत नाही, प्रत आधीच आहे.

जागेबाबतही मुलांचं ऐकावं. स्टॉकहोमच्या कल्चरहूसेट या सांस्कृतिक केंद्रात 2011 पासून टिओट्रेटॉन नावाचं ग्रंथालय आहे, फक्त 10 ते 13 वर्षांच्या मुलांसाठी. पालकांनाही आत प्रवेश नाही. शिकागोच्या मुख्य ग्रंथालयात 2009 मध्ये यूमीडिया हे किशोरांसाठीचं दालन सुरू झालं. तिथे पुस्तकांच्या शेजारीच ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि डिझाइनची साधनं आहेत, आणि काहीही न करता नुसतं बसायलाही मुभा आहे. एवढी जागा आणि एवढं सामान क्वचितच कुणाकडे असतं, पण त्यातलं तत्त्व एका कोपऱ्यातही बसतं. दोन लांब टेबलं, चार्जिंगचे पॉइंट, बोललेलं चालेल अशी पाटी. कोपरा अभ्यासिकेपासून जितका लांब तितका चांगला, म्हणजे दिवसभर 'हळू बोला' म्हणत बसावं लागत नाही. पण देवघेवीच्या टेबलावरून दिसेल असा. कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ, दार उघडं, आणि फोटो काढायचे तर आधी पालकांची लेखी आणि मुलांची तोंडी संमती. कोण काय वाचतं हे त्याच्या घरी सांगायचं नाही, विचारलं तरी.

दंडाचाही विचार करावा. शिकागोने ऑक्टोबर 2019 मध्ये उशिराचा दंड बंद केला. तेवढं करणं प्रत्येकाच्या हातात नसतं, पण आठव्या वर्षी साठलेला दंड चौदाव्या वर्षापर्यंत खात्यावर असेल तर ते मूल दारातूनच परत फिरतं. ग्रंथालयात बसून अर्धा तास वाचलं की ठरावीक दंड वजा, ही सोय फार काही न बदलता करता येते.

तारखा ठरवताना शाळांचं परीक्षा-वेळापत्रक आधी मागवावं. महिन्याचा एकच वार आणि वेळ पक्की असावी, कारण या वयाच्या मुलांना सूचनाफलक दिसत नाही, 'दुसरा शनिवार' मात्र लक्षात राहतो. पहिले दोन महिने चारच जण आले तरी तारीख बदलू नये.

आणि हजेरीचा आकडा लिहाच, पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा: कार्यक्रमाच्या दिवशी टेबलावर मांडलेल्या पुस्तकांपैकी पुढच्या दोन आठवड्यांत किती गेली. त्यासाठी त्या पुस्तकांत एक रंगीत पट्टी घालून ठेवायची आणि पुस्तक नेताना ती काढून डब्यात टाकायची. पंधरा दिवसांनी डबा उपडा करून पट्ट्या मोजायच्या आणि पुढच्या महिन्यात काय करायचं ते समितीसमोर ठेवायचं.